‘ऋ’चा खरा उच्चार ‘रु’ की ‘रि’?

आपल्या मुलीचे नाव मृण्मयी आहे, सासरची हिंदी भाषक मंडळी ते ‘म्रिण्मयी’ असे उच्चारतात, तेव्हा ‘ऋ’चा खरा उच्चार कोणता आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘यू’ घालावा की ‘आय’, असे आपण विचारले आहे. दोन्ही उच्चार चूक आहेत. ‘ऋ’ हा स्वतंत्र स्वर आहे. त्याच्या पोटात ‘उ’ही नाही आणि ‘इ’ही नाही.

१९७८ साली, अकरा वर्षांचा असताना, मी पुण्यातल्या एका गीतापठण स्पर्धेत पंधरावा अध्याय म्हटला. शेवटच्या श्लोकातल्या ‘कृतकृत्यश्च’ या शब्दावर, काशीत शिकून आलेल्या परीक्षकांनी मला थांबवले आणि ‘क्रुतक्रुत्य नव्हे, क्रितक्रित्य’ असे भर सभेत सुनावले. पहिला क्रमांक अर्थातच दुसऱ्या मुलाला गेला. टिळक रस्त्याने घरी पोहोचेपर्यंत वडील मला ‘रु’ हाच शुद्ध असल्याचे पटवत राहिले, आणि पुढची तीस वर्षे आमच्याकडे ‘क्रिष्ण’ म्हणणाऱ्या पाहुण्याला चहाबरोबर व्याकरणही मिळत असे.

२००९ मध्ये चाकणला, आमच्या कारखान्यात, एक चेक अभियंता आला होता. यंत्राच्या जाळीत बोट घालू नका, हे बजावताना त्याने स्वतःचे बोट वर केले आणि आपल्या भाषेतला शब्द उच्चारला: ‘पृस्त्’. त्यात ‘उ’ नव्हता, ‘इ’ नव्हता, नुसता थरथरणारा ‘र’ स्वर होऊन उभा होता. मी काम थांबवून त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग त्याने ‘स्तृच् पृस्त् स्कृस् कृक्’ हे त्यांच्याकडचे प्रसिद्ध वाक्य ऐकवले. अर्थ असा की, बोट घशातून आरपार घाल. चार शब्दांच्या या वाक्यात ‘ऋ’खेरीज दुसरा स्वरच नाही. लांडग्याला ते ‘वॢक्’ म्हणतात, म्हणजे आपण फक्त ‘क्लृप्ती’त जपलेला ‘ऌ’ही त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. शेजारच्या स्लोव्हाक भाषेत तर हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही प्रकारे येतात. सर्बियाचे लोकही आपल्या देशाला ‘सृबिया’ म्हणतात.

आपल्याकडे मात्र मराठी, गुजराती, ओडिया आणि तेलुगूत ‘रु’, तर हिंदी, बंगाली आणि नेपाळीत ‘रि’ रूढ झाला. तमिळ लोक ‘किरुष्णन्’ असे सरळ ‘रु’ घालूनच लिहितात, हे वडिलांना फार आवडे. परंतु प्राकृतातून आलेल्या शब्दांकडे पाहिले की दोन्ही पक्षांचा डौल उतरतो. ‘मृत्तिके’ची आपल्याकडे ‘माती’ झाली आणि हिंदीत ‘मिट्टी’. ‘पृष्ठा’ची आपल्याकडे ‘पाठ’ झाली, तिकडे ‘पीठ’. आणि ‘पृच्छति’पासून आपले ‘पुसणे’ आले. म्हणजे बोलणाऱ्या जिभेने ‘ऋ’चे अ, इ, उ असे तिन्ही केले. ‘रु’ आणि ‘रि’ हे पोथीतून परत आलेल्या शब्दांचे उच्चार आहेत आणि त्यांवरून भांडणे हा निव्वळ हट्ट आहे, जो मीही बराच काळ केला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चेक ‘ऋ’ हा वेदकालीन उच्चाराचा अखंड वारसा नव्हे. स्लाव्ह भाषांत मध्यंतरी ‘र’शेजारी एक आखूड स्वर होता, तो गळाला आणि ‘र’ पुन्हा स्वर झाला. शिवाय ‘ऋ’चे उच्चारस्थान आपण मूर्धा, म्हणजे टाळूचा वरचा भाग, मानतो, तर ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणारा ऋक्प्रातिशाख्य हा प्राचीन ग्रंथ जिह्वामूल, म्हणजे जिभेचे मूळ, सांगतो. तेव्हा मूळ उच्चार चेकसारखाच होता, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

स्पेलिंगमध्ये ‘यू’ घाला, कारण मुलीला घरात ज्या नावाने हाक मारली जाते तेच कागदावर असावे. सासरच्या मंडळींना ‘म्रिण्मयी’ म्हणू द्या.

त्या अभियंत्याचा आवाज मी मोबाइलवर टिपून घेतला होता. वडिलांनी तो दोनदा ऐकला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे ते परीक्षकही चुकलेच होते.’’