इंजेक्टरचं भोक इथंच का?

पत्र: मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये एका चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून ठेवलं होतं. सर त्यातला इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा भाग, काढत होते, तो निघता निघेना. निघाला तेव्हा खालची तांब्याची वॉशर काळी पडलेली होती आणि भोकात डांबरासारखी काजळी घट्ट बसली होती. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की हे भोक इथंच का, आणि एवढ्या आगीत इंजेक्टर टिकतो कसा? मला सिलिंडर हेडचं डिझाइन करायचं आहे. फक्त हेच काम करणारी माणसं असतात का? कुठलं सॉफ्टवेअर शिकू? आधी एम. टेक. करू की नोकरी धरू? (पत्राखाली वडिलांच्या दोन ओळी: इंजिनंच संपत चालली आहेत. अशा वेळी मुलीनं या कामात शिरणं शहाणपणाचं आहे का?)

उत्तर:

हो, फक्त हेड डिझाइन करणारी माणसं असतात. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी बारा वर्षं मी स्वतः त्याच टेबलावर बसलोय. म्हणून या उत्तरात करिअरबद्दल थोडं असेल आणि त्या भोकाबद्दल पुष्कळ. तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मला तिथूनच देता येतात.

आधी "इथंच का" घेऊ. तू पाहिलेल्या हेडला प्रत्येक सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह असतील, तर इंजेक्टर बरोबर मधोमध आणि उभा असणार. नोझलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या तोंडाच्या, टोकाला बारीक छिद्रं असतात, बहुधा सात-आठ. इंजेक्टर मध्यावर उभा असला की सगळ्या धारा सारख्या लांबीच्या पडतात आणि पिस्टनच्या वाटीत इंधन सगळीकडे सारखं पोचतं. जुन्या दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये मधली जागा व्हॉल्व्हच अडवून बसायचे. मग इंजेक्टर बाजूला सरकवून तिरका बसवायचा आणि प्रत्येक छिद्राचा कोन वेगळा ठेवून धारा जुळवत बसायचं. चार व्हॉल्व्ह आले, तो त्रास गेला, पण दुसरा आला. हेडमधली सगळ्यात तापणारी जागा म्हणजे दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटमधला (सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) अरुंद पट्टा. त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. इंजेक्टरचं भोक आता थेट त्या ब्रिजच्या तोंडाशी आलं. सीटला आधार हवा, भोकाला भिंत हवी, दोघांच्या मधून पाण्याला वाट हवी, आणि जवळच ग्लो प्लगलाही (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा भाग) घुसायचं असतं. सगळ्यांना तेच पाच-सहा मिलिमीटर हवे असतात. हेड डिझायनरचे कितीतरी दिवस या वाटणीत जातात.

आता आगीकडे वळू. जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि हेडच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची ताकद २००-२५० अंशांनंतर झपाट्यानं घसरते. कागद-पेन्सिल घे. जड लोडवर हेडच्या ज्वालेकडच्या तळातून, म्हणजे फायर डेकमधून, दर चौरस मिलिमीटरला साधारण १ वॅट उष्णता जाते असं धर. हेड बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, असेल तर त्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला ४५ वॅटच्या आसपास. डेकची जाडी १० मिलिमीटर असेल, तर आगीकडची बाजू आणि पाण्याकडची बाजू यांत सव्वादोनशे अंशांचा फरक पडतो. तोच डेक अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा केला आणि वाहकता १५० धरली, तर फरक ६५-७० अंशांवर येतो. मग बीडाचा डेक ६ मिलिमीटर करून टाकूया की, असं तुझ्या मनात येईल. फरक १३३ अंशांवर येईल खरा, पण वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. १० चे ६ केलेस की तो जवळपास पावणेतीन पट झाला. जाड केलं तर तापून फुटणार, पातळ केलं तर दाबानं वाकणार. हे गणित अर्ध्या पानाचं आहे, सॉफ्टवेअर लागत नाही. मुलाखतीत मी उमेदवारांना हेच विचारायचो. जो अंदाजानं का होईना आकडा काढायला बसायचा, त्याच्याशी पुढं बोलणं व्हायचं.

आणि हेड फुटतं ते इंजिन तापलेलं असताना नव्हे, तर बहुधा निवल्यावर. तापताना ब्रिज फुगू पाहतो, भोवतालचा थंड धातू त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत चेपला जातो आणि कायमचा थोडा आखडतो. इंजिन बंद केलं की सगळं आकसतं, आणि आधीच आखडलेला ब्रिज आता दोन्हीकडून ओढला जातो. अशी चेपाचेपी आणि ओढाताण हजारो वेळा झाली की सीट आणि इंजेक्टरचं भोक यांच्यामध्ये केसाएवढी बारीक चीर दिसते.

माझी पहिली चीर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन तपासण्याच्या चौथऱ्यावर, एकदा गरम, एकदा थंड पाणी सोडून इंजिनाला आलटून पालटून झटके देण्याची चाचणी चालली होती. हेड उतरवलं, चिरांत शिरणारा लाल रंगाचा डाय पेनेट्रंट मारला, पुसला, डेव्हलपर फवारला, आणि पांढऱ्या पुडीवर लाल रेघ उमटली. अगदी एक्झॉस्ट सीटपासून इंजेक्टरच्या भोकापर्यंत. मी तिथली भिंत दीड मिलिमीटरनं जाड केली. दुसरं हेड पहिल्याच्या आधी फुटलं. तेव्हा आमच्या फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) एक वयस्क पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यांचे नमुने बनवणारा कारागीर, म्हणाला, हेड कापून बघितलंस का? आम्ही बँडसॉवर ते ब्रिजमधून उभं कापलं. ड्रॉइंगमध्ये मी तिथं पाण्यासाठी पाच मिलिमीटरची वाट ठेवली होती. प्रत्यक्षात त्या वाटेत वाळू भाजून धातूशी एकजीव झाली होती, जेमतेम सुई जाईल एवढी फट उरली होती. ओतताना ती वाट पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. चहूकडून वितळलेल्या धातूनं वेढलेला तो बारीकसा कोअर इतका तापला होता, की धातू वाळूच्या कणांत शिरला. स्क्रीनवर मात्र तिथून पाणी छान वाहताना दिसत होतं, निळे-हिरवे बाण आणि सगळं. आम्ही ती ओतीव वाट काढून टाकली, तिथं बाहेरून ड्रिलनं भोक मारलं आणि टोकाला प्लग ठोकला. ते हेड चाचणीत टिकलं. तेव्हापासून ड्रॉइंगमध्ये कुठलाही सेक्शन (आडवा-उभा छेद) काढला की, हा कोअर उभा कशावर राहणार, त्यातली हवा कुठून बाहेर जाणार आणि वाळू झाडायची कुठून, हे मी आधी बघायचो.

आता तुझी ती काळी वॉशर. इंजेक्टरच्या खांद्याखाली ती बसते आणि सिलिंडरमधला वायू वर येऊ देत नाही. तिचा बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर आणि सिलिंडरमधला दाब २०० बार धर. इंजेक्टरला वर ढकलणारा जोर साडेतीन हजार न्यूटन, म्हणजे साधारण ३६० किलोचा धक्का झाला. फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमवर चालत असेल तर हा धक्का मिनिटाला १५०० वेळा बसतो. त्याला दाबून धरायला एक बोल्ट आणि दोन बोटांचा क्लॅम्प असतो. बोल्ट क्लॅम्पच्या मधोमध असेल तर त्याचा निम्माच जोर इंजेक्टरवर येतो, निम्मा क्लॅम्पच्या टेकूवर जातो. मग अजून आवळूया, असं वाटतं, पण इंजेक्टरच्या आतली नीडल (इंधन सोडणारी-थांबवणारी सुई) आणि ती जिच्यात सरकते ती गाइड यांत जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची फट असते. जास्त आवळलं किंवा क्लॅम्प तिरका बसला, की बॉडी किंचित पिळली जाते आणि नीडल अडकते. कमी आवळलं की वायू निसटतो, आधी चफ-चफ आवाज येतो, मग काजळी वर चढते आणि भोकात डांबरासारखी पिकते. तुझ्या सरांना तो इंजेक्टर का निघत नव्हता, याचं उत्तर बहुतेक हेच. कुणीतरी जुनीच वॉशर परत वापरली असेल, किंवा बसवण्याआधी खालची सीट साफ केली नसेल. मेकॅनिकला त्या खोल भोकाच्या तळाशी हात पोचत नाही, त्यानं ते साफ कसं करायचं, हा प्रश्नही डिझाइनच्या टेबलावरच सुटायला हवा. तो तिथं फार कमी वेळा विचारला जातो, याचं मला आजही वाईट वाटतं.

थंड ठेवण्याचे रस्ते दोन. एकात हेडच्याच धातूत इंजेक्टरचं भोक असतं आणि पाणी भिंतीपलीकडून फिरतं. दुसऱ्यात भोकात तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची पातळ स्लीव्ह बसवतात आणि पाणी थेट तिला लागून जातं. मोठ्या इंजिनांत हे खूप दिसतं. तांबं उष्णता झटकन नेतं, बीडाच्या कितीतरी पट. पण स्लीव्हचं खालचं टोक सैल झालं, की वायू पाण्यात शिरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, आणि इंजेक्टर ओढताना स्लीव्हच सोबत निघून आली तर पाणी सिलिंडरमध्ये. नोझलचं टोक जास्त तापलं तर छिद्रांत कार्बन धरतो आणि धारा वेड्यावाकड्या होतात. उलट, गंधक असलेलं जड इंधन जाळणाऱ्या जहाजी इंजिनांत टोक फार थंड ठेवलं तर त्यावर आम्ल धरून धातू खाल्ला जातो. तिथं अनेकदा नोझलसाठी पाण्याचं किंवा तेलाचं वेगळं सर्किट असतं.

आता सॉफ्टवेअर. एक थ्री-डी पॅकेज नीट शिक, कुठलंही. दुसरं सहा महिन्यांत जमतं. त्याआधी हीट ट्रान्सफर, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि धातुशास्त्र हे तीन विषय पास होण्यापुरते न करता पुन्हा वाचून काढ. फटीग (पुन्हा पुन्हा ताण बसून धातू थकणं) आणि ओतकाम यांकडे बहुतेक मुलं दुर्लक्ष करतात, तू करू नकोस. टॉलरन्सचं, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचं, गणितही हातानं करून बघ. इंजेक्टरचं टोक डेकच्या खाली किती डोकावणार हे वॉशरची जाडी, सीटची खोली आणि इंजेक्टरची लांबी या तिन्ही टॉलरन्सच्या बेरजेवर ठरतं, आणि ते अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी धारा वाटीत नको तिथं आपटते. पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन नंतर शिक. शिकशील तेव्हा पाणी भिंतीवर कुठं उकळतं ते आवर्जून बघ. बारीक बुडबुड्यांचं उकळणं उष्णता उलट जोरात ओढून नेतं, पण वाफेचा थर भिंतीला चिकटून राहिला की धातू उघडा पडल्यासारखा तापतो.

आता तुझ्या वडिलांशी बोलतो. तुमची काळजी रास्त आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. प्रवासी गाड्यांत बॅटरी वाढत जाणार, आणि फक्त छोट्या गाड्यांची इंजिनं करणाऱ्या जागा आज आहेत तेवढ्या राहतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. मात्र जहाजं, जनरेटर, शेतीची आणि खाणीची अवजड यंत्रं यांत इंजिन इतक्या लवकर सुटणार नाही. तिथं इंधन बदलतंय, मिथेनॉल आणि हायड्रोजन येताहेत. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा भिंतीच्या जास्त जवळ जाऊन विझते, म्हणून भिंतीत उष्णता जास्त शिरते. शिवाय तो इतक्या थोड्या ऊर्जेत पेटतो, की हेडमध्ये एक जागा जरी जास्त तापलेली राहिली तरी वेळेआधी भडका उडतो. इंजेक्टरभोवतीचं पाणी तिथं डिझेलपेक्षाही काटेकोर लागतं. आणि समजा तुमच्या मुलीनं उद्या इंजिन सोडलंच, तर विजेच्या मोटरचं ओतीव घर, त्याच्या भिंतीतलं वॉटर जॅकेट (पाणी फिरायची पोकळी), बॅटरीखालची कूलिंग प्लेट, हे सगळं याच विद्येवर चालतं. हेडवर माझ्यासोबत काम केलेले दोघे आज तेच करतात. त्यांना नव्यानं शिकावं लागलं ते विजेचं. उष्णता, ओतकाम आणि गळती त्यांना आधीच येत होती.

एम. टेक. की नोकरी? आधी नोकरी, दोन-तीन वर्षं, असं माझं मत आहे. आणि डिझाइन ऑफिसची जागा लगेच मिळाली नाही तर रुसू नकोस. हेड ओतणारी फाउंड्री, गॅस्केट किंवा इंजेक्टर बनवणारा कारखाना, इंजिनाचा टेस्ट बेड, यांपैकी काहीही चालेल. माझ्या पाहण्यातले चांगले हेड डिझायनर बहुतेक यांतल्याच कुठल्या तरी दारातून आत आले. त्यानंतर शिकायला गेलीस तर कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जातेस ते तुला माहीत असेल, आणि प्रोजेक्टचा विषय गाइडनं द्यावा लागणार नाही.

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक सुचवतो. भंगारात गेलेलं एखादं हेड मिळव आणि इंजेक्टरच्या भोकातून उभं काप. कापलेला भाग पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ कर आणि व्हर्नियरनं भोकाभोवतीची भिंत चारही बाजूंनी मोज. ती सारखी भरणार नाही. कोअर कुठल्या बाजूला आणि किती सरकला होता ते त्यावरून काढ, मग जाड बाजू आणि पातळ बाजू यांचं तापमान वर सांगितलेल्या गणितानं काढ. सेक्शनचे फोटो आणि मापं जपून ठेव, मुलाखतीला जाताना तो कापलेला तुकडाच सोबत ने.