पेपर घरी, उत्तर कुणाचं?

प्रश्न: मी ऑनलाईन कोर्समध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवते. या वेळच्या परीक्षेत कितीतरी जणांची उत्तरं सेम टू सेम आली, उत्तर सेम असणं एकवेळ समजू शकते पण चूकसुद्धा सेम, दशांश चिन्ह सगळ्यांचं एकाच जागी चुकलेलं! आता वरून प्रेशर आहे की प्रॉक्टरिंगचं, म्हणजे परीक्षेत मुलांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावा, कॅमेरा कंपल्सरी करा. त्याने खरंच फरक पडतो का? मला ती पाळत ठेवणं वाटतं.

उत्तर: फरक पडतो, पण विकणारे सांगतात तेवढा नाही. कॅमेऱ्याच्या भीतीने काठावरची मुलं गप्प बसतात हे खरंय, पण ज्याने ठरवलंच आहे तो लॅपटॉपच्या मागे दुसरा फोन उभा करून ठेवतो आणि तो कॅमेऱ्याला दिसतच नाही. उलट जो मुलगा विचार करताना छताकडे बघतो किंवा प्रश्न पुटपुटत वाचतो, किंवा ज्याच्या खोलीत मध्येच कुणीतरी डोकावतं, त्याच्या नावापुढे लाल खुणा पडतात आणि त्या खुणा बसून तपासायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात. प्रायव्हसीचा मुद्दा तर आहेच. अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याला परीक्षेआधी कॅमेऱ्यावर स्वतःची खोली फिरवून दाखवायला लावली, तो कोर्टात गेला आणि 2022 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ती झडती घटनाबाह्य ठरवली. सेफ एक्झाम ब्राउझर हा परीक्षेसाठीचा ब्राउझर फुकट आहे, मूडलला (ऑनलाईन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरला) जोडताही येतो, पण तो फक्त ज्या मशीनवर पेपर चालू आहे तेच मशीन लॉक करतो, म्हणजे त्यावर दुसरं काही उघडू देत नाही. कॉम्प्युटर लॅबमध्ये ठीक, घरी तोच दुसऱ्या फोनचा प्रॉब्लेम.

तुमचा खरा घोळ मला वेगळाच वाटतोय. चूकसुद्धा सेम आली म्हणजे सगळ्यांना आकडे सेम होते आणि उत्तर ग्रुपवर फिरलं. मूडलमध्ये कॅल्क्युलेटेड नावाचा प्रश्नप्रकार आहे, त्यात तुम्ही फॉर्म्युला द्यायचा आणि आकडे कुठून कुठपर्यंत असावेत ते सांगायचं, की मुलांना वेगवेगळे आकडे येतात. मग ग्रुपवर फिरलेलं उत्तर दुसऱ्याच्या कामाचं राहत नाही, फार तर पद्धत फिरेल, आणि पद्धत समजून घेऊन कुणी स्वतःच्या आकड्यांवर गणित सोडवलं तर अर्धं शिकवण्याचं काम झालंच की. थिअरीच्या प्रश्नांसाठी क्वेश्चन बँक मोठी करा आणि त्यातून रँडम उचलू द्या. आणि एक सेटिंग आजच उघडून बघा, पेपर सबमिट केल्या केल्या बरोबर उत्तरं दाखवायचं चालू राहिलंय का? ते चालू असेल तर पहिला मुलगा दहा मिनिटांत काहीतरी ठोकून सबमिट करतो आणि पूर्ण आन्सर की स्क्रीनशॉट होऊन बाकीच्यांकडे पोचते. परीक्षेची विंडो सगळ्यांसाठी बंद झाल्यावरच उत्तरं दिसली पाहिजेत.

वेळ मात्र उगाच आवळू नका, त्यात हळू टाईप करणारे आणि नेट खराब असलेले आधी मरतात. आणि सत्तर टक्के मार्क एकाच दिवसावर टांगले असतील तर ते आधी मोडून छोट्या छोट्या टेस्टमध्ये वाटा, कारण एका पेपरवर सगळं अवलंबून असलं की एरवी सरळ वागणारा मुलगासुद्धा घाबरून ग्रुप उघडतो.

प्रश्न: एका विद्यार्थिनीची असाइनमेंट मी एआय डिटेक्टरमध्ये टाकली तर 80 टक्के एआय दाखवलं. ती म्हणते मी स्वतः लिहिलंय. शून्य देऊ का?

उत्तर: नका देऊ, निदान त्या आकड्याच्या जोरावर तरी नको. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी 2023 मध्ये असा डिटेक्टर काढला होता, त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के त्याला नीट ओळखता आला आणि माणसाने लिहिलेला 9 टक्के मजकूर त्याने एआयचा ठरवला. जुलैमध्ये त्यांनी तो बंद करून टाकला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वेगवेगळे डिटेक्टर तपासले तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध एआयचे म्हणून निघाले. कारण साधं आहे, शिकलेल्या भाषेत माणूस सोपे, ठरलेले शब्द वापरतो आणि डिटेक्टरला तेच मशीनसारखं वाटतं. तुमची विद्यार्थिनी इंग्रजी शिकून लिहिणारी असेल तर ती नेमकी यात सापडते.

त्यापेक्षा तिच्याशी पाच मिनिटं कॉलवर बोला, पण उलटतपासणी नको. असाइनमेंट समोर ठेवा आणि विचारा, इथे तू सरासरी सोडून मध्यक (मीडियन) का घेतलास? हा एक मोठा आकडा काढून टाकला तर तुझा निष्कर्ष बदलेल का? जिने लिहिलंय ती अडखळत का होईना पण काहीतरी आपलं सांगते, जिने नुसतं पेस्ट केलंय ती स्वतःचाच परिच्छेद पहिल्यांदा वाचल्यासारखा वाचायला लागते. शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरीपण, म्हणजे कधी काय लिहिलं गेलं त्याची नोंद, बघा. तिथे सगळा मजकूर एकदम येऊन पडलेला दिसला तरी तो पुरावा नाही, कारण काही जण दुसरीकडे लिहून आणतात, पण बोलायला धागा मिळतो.

पुढच्या वेळी प्रश्नच बदला. ‘सरासरी आणि मध्यक यातला फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न तुम्ही चॅटजीपीटीलाच विचारल्यासारखा आहे. त्याऐवजी, आपल्या फोनचा आठवडाभराचा स्क्रीनटाइम घ्या, दोन्ही काढा, तुमच्यासाठी कुठला आकडा जास्त खरा आणि का ते लिहा. एआय किती चालेल तेही आधीच लिहून द्या, व्याकरण तपासायला चालेल, मुद्दे काढायला नाही, जे काय असेल ते. नियम मोघम ठेवायचा आणि नंतर मुलांना पकडायचं, हे मला पटत नाही.

प्रश्न: परीक्षेआधी ‘मी कॉपी करणार नाही’ अशी प्रतिज्ञा घेतली तर?

उत्तर: घ्या, नुकसान काही नाही, पण फार भरवसा ठेवू नका. फॉर्मच्या तळाशी सही घेण्याऐवजी वरच घेतली तर लोक जास्त प्रामाणिक वागतात असा 2012 चा एक गाजलेला रिसर्च पेपर होता, तो 2021 मध्ये मागे घ्यावा लागला कारण त्यातल्या एका प्रयोगाचा डेटाच बनावट निघाला. प्रामाणिकपणावरच्या पेपरात! सही एका क्लिकमध्ये होते, मुलं वाचतसुद्धा नाहीत. नियम ठरवताना त्यांनाच बसवलंत तर निदान वाद तरी आधी होतील.

प्रश्न: मी विद्यार्थी आहे. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्या एका साइटला मी माहिती दिली, अजून पैसे दिले नाहीत. आता ते कॉलेजला कळवू म्हणून धमकी देतायत.

उत्तर: पैसे देऊ नकोस, एकदा दिलेस की पुन्हा मागतील. अशा साइट्सचा हा ठरलेला धंदा आहे, ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये आणि इंग्लंडने 2022 मध्ये कायदा केला तो असल्या सेवा विकणाऱ्यांवर. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेव, त्यांना पासवर्ड दिला असशील तर तो आज बदल, आणि त्यांनी कळवायच्या आत तूच जाऊन आपल्या शिक्षकांना सांग. ओरडा बसेल. पण असाइनमेंट अजून सबमिट झालेली नसेल तर ती आज रात्री स्वतः लिहायला घे, मुदत वाढवून हवी असेल तर तेही त्याच भेटीत माग.