लाल काठ पुसट का होतो?

प्रश्न : मोबाइलवरून आलेल्या फोटोत कोल्हापुरी साजाची नक्षी ठसठशीत राहते, पण हिरव्या शालूचा लाल काठ मोठा करून पाहिल्यास कडेला पसरलेला दिसतो. असे का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपला डोळा उजेड-अंधारातील बारीक फरक जितक्या नेमकेपणाने टिपतो, तितक्या नेमकेपणाने रंगांतील फरक टिपत नाही, याचाच फायदा घेऊन फोटोची फाइल दाबून लहान करणाऱ्या जेपेग पद्धतीत तेज आणि रंग वेगळे केले जातात व बहुधा शेजारच्या ४ पिक्सेलांमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते. साजाची नक्षी मुळात छायाप्रकाशाची, म्हणून ती टिकते. लाल-हिरव्याची सीमा मात्र बरीचशी रंगावरच उभी असते. छपाईसाठी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, म्हणजे निदान तो वाटेत पुन्हा दाबला जाणार नाही.