दारू सुटली होती, लपवणं सुटलं नव्हतं

"ताई, मी गे आहे, पुण्यात नोकरी करतो. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर वर्षभर सोबर होतो. मग माझ्या जोडीदाराचं घरच्यांनी एका मुलीशी लग्न ठरवलं. त्या रात्री मित्रांच्या पार्टीत प्यायलो, आता रोज पितो. दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) गटाच्या मीटिंगमध्ये मी त्याला कायम 'मैत्रीण' म्हणत आलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ? सगळं पाण्यात गेलं का?"

प्रिय मित्रा,

नाही. ते वर्ष तू काढलंस, ते कोणी पुसू शकत नाही.

आधी तब्येतीचं. रोज पीत असशील तर एकट्याने, एकदम बंद करू नकोस. नुसती थरथर आणि घाम यावर भागलं तर ठीक, पण काहींना दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबव. घरात डायसल्फिरामच्या, म्हणजे दारू सोडवायला देतात त्या, जुन्या गोळ्या उरल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. अंगात दारू असताना त्या घातक ठरतात.

आता ती 'मैत्रीण'. पत्र वाचताना मी तिथेच अडले. एवढं मोठं दुःख कोसळलं आणि ते घेऊन जायला तुला धड जागा नव्हती. मीटिंगमध्ये दारू नव्हती, पण तिथे तुझं प्रेम वेष पालटून बसलेलं. मित्रांकडे प्रेम खरं, पण तिथे हातात ग्लास आला. रडायचं तर पार्टीतच जावं लागलं. तुझी इच्छाशक्ती कमी पडली, असं मी मानत नाही. आपल्या माणसांना मोकळेपणाने भेटायचं तर बार नाहीतर पार्टी, ही अडचण तुझ्यासारख्या अनेकांची आहे.

सगळ्या मीटिंगसमोर कम आउट हो, असं मी मुळीच म्हणणार नाही. एका माणसाला सांग. स्पॉन्सरला, म्हणजे ए.ए.मधल्या तुझ्या अनुभवी सोबत्याला, फोन लाव: "माझी स्लिप झालीय, पुन्हा प्यायलो. आणि ती मैत्रीण नव्हती, मित्र होता." पलीकडे क्षणभर कोणी बोलणार नाही कदाचित. फोन ठेवू नकोस. त्यांना नाहीच झेपलं, तर स्पॉन्सर बदलता येतो. एलजीबीटीक्यू लोकांच्या ए.ए. मीटिंगा ऑनलाइनही होतात.

केंद्रातल्या समुपदेशकालाही खरं सांग. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेला आजारही येतो. लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला तो मनाई करतो आणि तुझी माहिती गुप्त ठेवायला बांधील करतो. "आधी तुझं गे असणं बरं करू" असं कोणी डॉक्टर म्हणाला, तर तिथून सरळ उठ. तसले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलंय.

मित्र तोडू नकोस. त्यातला तुझा सगळ्यात जवळचा निवड आणि शनिवारच्या रात्रीऐवजी रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर भेट. दारूशिवाय त्याच्याशी याविषयी बोलून बघ.

आणि लग्नाची तारीख. ती तुला पाठ असणार. त्या दिवशी कुठे असशील, कोण सोबत असेल, हे आजच ठरव. फोटो येतील, म्हणून इन्स्टाग्राम आधीच काढून टाक. रात्री फारच असह्य झालं, तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. पण त्याआधी तो स्पॉन्सरचा फोन, शक्यतो आज संध्याकाळी, पहिल्या पेगच्या आधी.

तुझी,
ताई