सेकंडहँड पिक्सेल फोनमध्ये भलतीच ऑपरेटिंग सिस्टिम निघाली, मूळ अँड्रॉइड परत कसं टाकू?

तुम्ही लिहिलंय की फोन चालू करताना पिवळ्या खुणेसह ‘वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम लोड होत आहे’ असा इशारा येतो, बँकेचं ॲप उघडत नाही आणि फॅक्टरी रिसेट करूनही तेच. रिसेटने ते जाणारच नाही. रिसेटमध्ये पुसला जातो तो फक्त वापरणाऱ्याचा डेटा. सिस्टिमच्या पार्टिशनला, म्हणजे ती जिथे साठवलेली असते त्या भागाला, हातही लागत नाही. आधीच्या मालकाने टाकलेली कस्टम रॉमच, म्हणजे फोन कंपनीची नसलेली सिस्टिमच, पुन्हा कोरी होऊन समोर येते.

इशाऱ्याचा रंग महत्त्वाचा आहे. नारिंगी असता, तर बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम लोड करणारा प्रोग्राम) सरळ उघडा आहे असं म्हटलं असतं. पिवळा म्हणजे बूटलोडर लॉक आहे, पण सिस्टिम तपासली जातेय ती गूगलच्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या डिजिटल चावीने. ग्राफीनओएस ही पिक्सेलसाठीची कस्टम रॉम अशीच बसते. ती रॉम सुरक्षेला फार जपणारी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या फोनमध्ये नेमकं काय टाकलंय आणि कुणी, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून मूळ सिस्टिम येईपर्यंत या फोनमध्ये बँकेचं किंवा मेलचं कुठलंही खातं उघडू नका.

संगणकाला हात लावण्याआधी विकणाऱ्याला गाठा. त्याचं गूगल खातं फोनमधून नीट काढलेलं नसेल, तर मूळ अँड्रॉइड आल्यावर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो. अँड्रॉइड ५.१ पासून चोरी रोखण्यासाठी ही सोय आहे आणि मला ती योग्यच वाटते. विकणारा फोन उचलतोय तोवर हे उरकून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. चार्जिंग निम्म्याच्या वर हवं. केबल डेटा जाणारी हवी आणि ती थेट संगणकात लावा, मध्ये हब नको. फ्लॅशिंग, म्हणजे फोनमध्ये सिस्टिम भरणं, मध्येच अडकतं त्यात बऱ्याचदा केबलच दोषी असते. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय दिसतील. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडण्याची परवानगी) आणि ‘यूएसबी डिबगिंग’ (केबलवरून संगणकाची आज्ञा घेण्याची परवानगी) चालू करा. मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरत फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे बूटलोडर संगणकाच्या आज्ञा घेतो त्या अवस्थेत, न्या आणि संगणकावरच्या फास्टबूट टूलमधून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्या. होकार फोनच्याच बटणांनी द्यावा लागतो. यात डेटा पुसला जातो, तुमच्या बाबतीत ते बरंच आहे. लगेच ‘फास्टबूट इरेज एव्हीबी_कस्टम_की’ देऊन ती परकी चावी काढून टाका. ही पायरी पुष्कळ जण विसरतात.

पुढचं सोपं आहे. अनलॉकमध्ये डेटाबरोबर सेटिंग्जही पुसल्या गेल्या, म्हणून फोन एकदा सुरू करून यूएसबी डिबगिंग पुन्हा चालू करा. मग गूगलचं अँड्रॉइड फ्लॅश टूल क्रोम ब्राउझरमध्येच उघडा, ते फोन ओळखतं आणि त्याच मॉडेलची फाइल देतं. विंडोज असेल तर गूगलचा यूएसबी ड्रायव्हर आधी घाला. सर्वांत नवी आवृत्ती निवडा, जुनीच्या मागे लागू नका. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए हे फोन एकदा अँड्रॉइड १३ वर गेले की १२ वर परतू शकत नाहीत. तिथे ‘वाइप डिव्हाइस’वर खूण ठेवा, पण ‘लॉक बूटलोडर’वरची खूण काढा.

का, ते सांगतो. लॉक केल्यावर आतली सिस्टिम तपासात उतरली नाही तर फोन सुरूच होत नाही, आणि तेव्हा परतीची वाटही बंद झालेली असू शकते. म्हणून आधी फोन पूर्ण सुरू होऊ द्या. कॉल लावा, कॅमेरा, वायफाय पाहा, *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. सगळं जुळलं की पुन्हा फास्टबूटमध्ये जाऊन ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’ द्या. डेटा परत एकदा जाईल. त्यानंतर फोन सुरू होताना इशारा दिसला नाही, की डेव्हलपर पर्यायांतलं ओईएम अनलॉकिंग बंद करा आणि मगच बँकेचं ॲप टाका.

हे वाचणाऱ्या कुणाकडे दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर थोडक्यात. सॅमसंगमध्ये ओडिन या फ्लॅशिंगच्या टूलने मूळ सिस्टिम येते, पण नॉक्स या तिच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज परकी सिस्टिम टाकताना एकदा उडाला की तो कायमचा, खाजगी फाइलींचा सिक्युअर फोल्डर परत मिळत नाही. शाओमीचा चीनसाठी बनलेला फोन ग्लोबल रॉम टाकून लॉक केला तर तो बंद पडू शकतो, म्हणून ‘मी फ्लॅश’ या शाओमीच्या टूलमधला ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय विचार न करता दाबू नका. आणि मीडियाटेकची चिप असलेल्या फोनवर एसपी फ्लॅश टूल वापरताना ‘फॉरमॅट ऑल’ टाळा, ‘डाउनलोड ओन्ली’च निवडा, नाहीतर आयएमईआय पुसला जातो आणि फोनला नेटवर्कच मिळत नाही.