फी भरली, टॅब घेतला, तरी पोटगी थकलीच कशी?

डिचोलीच्या एका वडलांनी लिहिलंय. नवरा-बायको वेगळे राहतात, नववीतली मुलगी आईकडे. कोर्टाने मुलीसाठी महिन्याला 8,000 ठरवले. यांनी 14 महिने बायकोच्या खात्यात एक रुपया टाकला नाही, पण शाळेची फी, ट्यूशन, टॅब, सायकल, गणेशचवथीचे कपडे मिळून 1 लाख 30 हजार खर्च केले, पावत्या सगळ्या आहेत. आता तिने 1 लाख 12 हजारांच्या वसुलीचा अर्ज टाकलाय आणि हे विचारतात, उलट मीच जास्त दिलेत ना? याच प्रश्नाचे फोन मला म्हापशात सारखे येतात, म्हणून इथेच लिहिते.

दादा, तुम्ही ऑर्डरच्या पहिल्या दोन पानांचे फोटो पाठवलेत, शेवटचं पान नाही, आणि सगळं त्या पानावरच आहे. तिथे 8,000 'शाळेचा खर्च धरून' लिहिलेत की 'शाळेच्या खर्चाशिवाय', का फक्त 'दर महिन्याला खात्यात जमा करावेत' एवढंच? 'धरून' असेल तर फीच्या पावत्यांवर भांडता येईल. 'शिवाय' असेल तर फी वेगळी आणि 8,000 वेगळे, विषय संपला. आणि काहीच नसेल, जे बहुतेक वेळा असतं, तर कोर्ट साधारण म्हणतं की सांगितलं होतं पैसे द्या, तुम्ही स्वतःच्या मर्जीने वस्तू दिल्या. टॅब, सायकल, कपडे तर बापाने हौसेने दिलेलं धरतात, त्याची वजावट मिळेल अशी आशा ठेवू नका. फीचं काय होईल ते मी आत्ता ठामपणे सांगत नाही.

मला राग येतो तो या 14 महिन्यांचा. फी थेट शाळेत भरायची होती तर पहिल्याच महिन्यात ऑर्डर बदलून मागायची. त्यासाठी जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 146 आहे. तो अर्ज आत्ताही करा, पण त्याने पुढचं बदलेल, मागची थकबाकी पुसली जाईल असं धरून चालू नका.

पावत्या मात्र फेकू नका. पुरेसं कारण नसताना पैसे थकवले तर वसुलीचं वॉरंट निघतं, आणि नंतर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मुलीला वाऱ्यावर सोडलं नव्हतं, मुद्दाम चुकवलं नाही, हे दाखवायला त्याच पावत्या कामाला येतील. 'या महिन्यात पैसे नको, तू फी भर' असा तिचा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर सोन्यासारखा जपा, फोन बदलू नका, साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 63 चं, मेसेज कुठल्या फोनमधून घेतला ते सांगणारं सर्टिफिकेट लावून तो द्यावा लागेल. तरी पैसे मुलीचे आहेत, आई एकटी ते सोडू शकते का यावर वाद होईलच. आणि जेलमध्ये जाऊन आलो की फिटलं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच सांगितलंय की कैद भोगून थकबाकी माफ होत नाही.

तिने अर्ज कुठल्या तारखेला टाकला तेही तुम्ही लिहिलं नाही! वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज लागतो, त्यामुळे पहिले दोनेक महिने कदाचित त्यातून सुटतील, पण तो हक्क बुडत नाही, दुसऱ्या मार्गाने मागता येतो.

गोव्यात आपला सिव्हिल कोड वेगळा म्हणून इथे काही सूट मिळेल असंही अनेक जण विचारतात. नाही, पोटगीचा हा कायदा सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे, गोव्यातही.

या महिन्याचे 8,000 आजच तिच्या खात्यात टाका, रोख हातात नको. पुढच्या तारखेला थकबाकीतली काही रक्कम भरून बाकीचे हप्ते मागा. तिची तयारी असेल तर फी तुम्ही भरायची आणि तेवढी कापून घ्यायची असं दोघांच्या सहीने लिहून कोर्टात द्या, कोर्टाने मान्य केलं तरच त्याला अर्थ आहे, तोंडी ठरलेलं तिथे चालत नाही. तारखा लांबत जातात आणि तोवर दर महिन्याला आणखी 8,000 चढतात, त्यामुळे ते शेवटचं पान आणि अर्जाची तारीख आज रात्रीच पाठवा.