तेलाचा डबा का चालत नाही?

प्रश्न : सांगलीत कॉलेजच्या गच्चीवर आम्ही हायड्रोजनची 21 सेंमीची रेषा (आकाशातल्या हायड्रोजन वायूचा रेडिओ सिग्नल) टिपायला नरसाळ्यासारखी हॉर्न अँटेना केली. मागे तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा लावला. डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि ॲम्प्लिफायर नवे आहेत. आलेखात मधोमध एकच उभी रेघ येते आणि हॉर्न कुठेही वळवला तरी हलत नाही. चुकते कुठे? (बीएस्सी तृतीय वर्षाचा गट, सांगली)

उत्तर : ती रेघ आकाशातली नाही, डोंगलचीच आहे. ज्या वारंवारतेला लावाल तिच्या मध्यावर तो ती उमटवतो. हायड्रोजनची रेषा 1420.4 मेगाहर्ट्झला असते, म्हणून डोंगल 1421 ला लावा. रेघ बाजूला सरकेल. खरा सिग्नल सुळक्यासारखा नसतोच, बसकं टेकाड असतं.

पण मूळ दोष डब्यात आहे. त्याची बाजू 23 सेंमीच्या आसपास, म्हणजे तरंगलांबीपेक्षा मोठी. अशा डब्यात लहर एकाच वेळी अनेक प्रकारांनी पसरते आणि प्रोबच्या, म्हणजे सिग्नल उचलणाऱ्या तारेच्या, वाट्याला थोडीच ऊर्जा येते. गोल डबा घ्या, व्यास 12.4 ते 16.2 सेंमीच्या मधला. त्याहून अरुंद डब्यात ही लहर शिरतच नाही. 15 सेंमी व्यास आणि निदान 28 सेंमी लांबी उत्तम. रंगाचे किंवा थिनरचे डबे या मापाच्या जवळपास मिळतात, नाहीतर पत्र्याचे काम करणाऱ्याकडून वळवून घ्या.

प्रोब म्हणजे 5.3 सेंमी लांबीची तांब्याची तार, हवं तर कानसून किंचित कमी करावी. ती डब्याच्या बंद टोकापासून किती अंतरावर बसवायची, इथे बहुतेकांची फसगत होते. हवेतल्या तरंगलांबीचा चतुर्थांश धरून 5.3 सेंमीवरच भोक पाडतात. डब्यात मात्र लहर ताणली जाते. 15 सेंमी व्यासात तिची लांबी सुमारे 37 सेंमी होते, म्हणून अंतर 9.3 सेंमी हवे. व्यास 14 असेल तर हेच अंतर 11.3 होते, तेव्हा डबा मोजल्याशिवाय भोक पाडू नका.

पुठ्ठ्यावर फॉईल चिकटवून हॉर्न केला असेल तर सांधे तपासा. दोन फॉईलच्या मध्ये गोंद आला की विजेचा संपर्क तुटतो. डब्याच्या काठावरचा रंगही खरवडा. ॲम्प्लिफायर प्रोबला लागूनच हवा. आधी लांब केबल टाकून त्यात सिग्नल 1 डेसिबलने घटला, तर सुमारे 75 केल्विनचा गोंगाट (रेडिओत तो तापमानात मोजतात) तुम्ही स्वतःच वाढवलात. हायड्रोजनचा सिग्नलच काही दहा केल्विनचा. सगळं जोडून झालं की हॉर्न जमिनीकडे करा. सिग्नलची पातळी स्पष्ट चढायला हवी. चढली नाही तर आधी प्रोबचा डाख बघा.

ऑक्टोबरच्या मध्यात रात्री आठला हंस तारकासमूह सांगलीहून उत्तरेला साठ अंशांवर असतो. तिकडे, आकाशगंगेच्या पट्ट्यात, दहा मिनिटे सरासरी घ्या, मग पट्ट्याबाहेर दक्षिणेला मकर राशीकडे दहा मिनिटे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. ढगांची काळजी नको, सांध्यात पाणी जाण्याची करा. टेकाड रोज चार मिनिटे आधी येत असेल तर ते आकाशातले. इन्व्हर्टर आणि एलईडीचे चार्जर असा नक्षत्रांचा हिशेब पाळत नाहीत. साध्या डोंगलचा स्फटिक दशलक्षात 50 भागांनी चुकू शकतो, म्हणजे इथे 71 किलोहर्ट्झ, वेगाच्या भाषेत सेकंदाला 15 किमी. हायड्रोजनच्या ढगांचे वेग मोजायचे असतील तर ताप-नियंत्रित स्फटिकाचा डोंगल घ्या.

प्रश्न : मला ताऱ्यांच्या जन्मावर संशोधन करायचे आहे. खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर ते होते का? वाट कोणती? (विद्यार्थिनी, विटा)

उत्तर : अर्धे होते. तारे जन्मतात ते 10 ते 20 केल्विनच्या रेण्वीय ढगांत, आणि तिथला हायड्रोजन रेणू इतक्या थंडीत जवळपास मुका असतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ कार्बन मोनॉक्साइडची 115 गिगाहर्ट्झची रेषा बघतात. ती 1970 मध्ये मृगातल्या ढगात प्रथम सापडली. जीएमआरटीच्या 45 मीटरच्या 30 तबकड्या 1450 मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाहीत, तेव्हा ती रेषा तिथे मिळणार नाही. पण मोठा तारा पेटला की भोवतालचा वायू आयनित होतो (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात), आणि त्याचे रेडिओ उत्सर्जन जीएमआरटी छान टिपते. कमी वारंवारतेला हा वायू अपारदर्शक होत जातो आणि तेज घसरते. ते कुठून घसरते यावरून वायूची घनता काढता येते. या विषयात बहुतेक प्रबंध दोन-तीन दुर्बिणींची निरीक्षणे जोडूनच होतात, हे आधी माहीत असलेले बरे.

एमएस्सी भौतिकशास्त्रात करा. पुण्यातल्या एनसीआरए आणि आयुका या खगोल संशोधन संस्थांसाठी त्यांची संयुक्त प्रवेश परीक्षा असते, जेस्ट ही प्रवेश परीक्षाही पाहा. त्याआधी हिवाळ्यातील रेडिओ खगोलशास्त्र शिबिराला अर्ज करा. लिनक्स आणि पायथन आत्ताच हाताला बसू द्या. जीएमआरटीची जुनी निरीक्षणे खुल्या संग्रहात आहेत आणि त्यांतून प्रतिमा काढणारे कासा हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिला सराव एखाद्या तेजस्वी कॅलिब्रेटर स्रोतावर (मोजमाप जुळवायला वापरतात त्या ज्ञात स्रोतावर) करा, आयनित ढगावर नको; पसरट वस्तूची प्रतिमा नवख्याच्या हाती हमखास बिघडते.